पत्रकात गुंडाळलेले कंद

प्रभाकरकाका,

तुम्ही गेलात आणि तुमच्या परसातल्या पिओनी फुलल्या. त्यांनी तुमच्यासाठी काही थांबवलं नाही. मुंग्या नेहमीसारख्या कळ्यांवर चढल्या, परवाच्या पावसाने अर्धी फुलं तोंडावर पाडली, हरणं शेजारच्यांच्या होस्टाची पानं फस्त करून तुमच्या वाफ्यापर्यंत आली आणि पिओनीला तोंड न लावता परत गेली. दारासमोर 'फॉर सेल'ची पाटी आहे. घर बघायला येणारे लोक आधी फुलांचा फोटो काढतात आणि मग छताबद्दल विचारतात.

तुमच्याबद्दल चांगलं लिहायला बसले आहे, पण खोटं लिहिणार नाही. मला तुमचा संशय होता. पहिल्या दिवसापासून होता, आणि माणूस गेला म्हणून संशय जातो असं नाही. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: तुम्ही आमचे होतात का? आमचे म्हणजे बौद्ध, वस्तीतले, निळ्या झेंड्याखाली वाढलेले. आणि असाल, तर इतकी वर्षं इथल्या मराठी लोकांत उठबस करून ते लपवलंत का?

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला नोकरी लागली तेव्हा मी तुमच्या शेजारच्या घराचं तळघर भाड्याने घेतलं होतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात उभी राहून मी फोनवर नागपूरच्या मैत्रिणीशी तावातावाने भांडत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "ओ पोरी, भांडण झालं की हा पाइप धर जरा. माझे दोन्ही हात चिखलात आहेत."

मी पाइप धरला. ताडपत्रीवर मातीने माखलेला एक भलामोठा गड्डा पडला होता, रताळ्यांचा घोस असावा तसा. माती धुतली गेली तसे त्याच्या माथ्यावरचे गुलाबी कोंब दिसायला लागले. "उसाला असतात तसे डोळे," तुम्ही म्हणालात. "पुढच्या वर्षीचं फूल यांच्यात आहे. पाणी जोरात मारू नकोस, मोडतील."

तुम्ही नाव विचारलंत. मी म्हटलं, प्रज्ञा. आणि थांबले, कारण पुढचा प्रश्न मला पाठ होता. इथे कुठल्याही मराठी माणसाशी ओळख झाली की दुसरं वाक्य तेच असतं: "प्रज्ञा काय?" आडनाव सांगितलं की समोरच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी जुळवलं जातं. मग एकतर आवाज गरजेपेक्षा गोड होतो, नाहीतर प्रश्न संपतात. तुम्ही विचारलंत, "हातमोजे देऊ का?"

माझे बाबा म्हणायचे, आडनाव न विचारणारी माणसं दोन प्रकारची. एकाला तुम्हाला बघूनच कळलेलं असतं. दुसऱ्याला भीती असते की उलट आपल्यालाच विचारतील. तिसऱ्या प्रकाराबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. मी पाइप धरून उभी होते आणि तुम्हाला दोहोंपैकी एकात बसवत होते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेर बाबांचं टेबल लागायचं आणि मी त्या टेबलाखाली बसून पत्रकांना तीन घड्या घालायचे. मथळ्यांवरच अक्षरं शिकले. पत्रक हातात घेतलेला माणूस तिथल्या तिथे ठरवतो, इकडे की तिकडे. मी माणसांनाही तसंच वाचत आले. तुम्ही कुठेच बसत नव्हतात आणि त्याचा मला राग यायचा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तुमच्या ड्राइव्हवेवर गाड्यांची रांग लागली. इथे आपट्याची पानं कुठून येणार? तुम्ही सोनं म्हणून पिओनीच्या कंदाचा तुकडा वाटायचात. रेशमी साड्या नेसलेल्या काकू प्लास्टिकच्या पिशव्यांत चिखलाळ मुळं घेऊन निघायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "काकांचं सोनं मिळालं बाई." सगळ्यांना तो दसरा वाटायचा. मला मात्र तो दिवस म्हटलं की एकच आठवतं. त्याच दिवशी आमच्या आजी-आजोबांनी धम्म घेतला.

"दसराच का, काका?" मी विचारलं.

"जमीन अजून गरम असते, हवा गार झालेली असते. नवी मुळं धरायला हाच काळ."

"मग आधीचा शनिवार का नाही?"

"शनिवारी लोक कॉस्टकोला खरेदीला जातात."

तुम्ही हसलात. मी नाही हसले. वार कुठलाही असो, दसरा तुम्ही चुकवला नाहीत. त्या दिवसापासून मी तुमच्या खुणा गोळा करायला लागले.

गणपतीत तुम्ही आरती संपल्यावर, जेवणाच्या वेळी यायचात. पण तसं बरेच काका करतात. तुमच्या घरात देव नव्हते. पण तुम्ही पेशाने केमिस्ट, आणि इथल्या निम्म्या केमिस्टांच्या घरात नसतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्यावर काही नव्हतं. मी त्या खिळ्याकडे तुमच्या चहापेक्षा जास्त लक्ष द्यायचे. तिथे कुणाचा फोटो होता? पाहुणे यायच्या आधी कुणी उतरवला? मुलीचं नाव सुजाता, बुद्धाला खीर देणाऱ्या बाईचं. माझे कान टवकारले. पण तिच्या वयाची प्रत्येक तिसरी मराठी बाई सुजाता असते.

मग ती चाल. तुम्ही कंद कापत होतात. तोवर मला एवढं कळलं होतं की उकरलेला गड्डा लगेच कापायचा नसतो. सावलीत मऊ पडू द्यायचा, नाहीतर काचेसारखा तडकतो. मऊ पडलेल्या मुळांमधून जुनी करवत चालवताना तुम्ही गुणगुणायला लागलात, आणि माझे हात थांबले. ती चाल माझ्या आजीची. भीमजयंतीला आमच्या वस्तीत त्या चालीशिवाय मिरवणूक हलत नसे. मी पुढची ओळ मोठ्याने म्हटली. तुम्ही करवत थांबवून तुकडा माझ्याकडे सरकवलात.

"डोळे मोज," तुम्ही म्हणालात. "तीनच्या खाली तुकडा नको."

"ही चाल कुठे ऐकलीत?"

"लाऊडस्पीकरवर. लाऊडस्पीकर सगळ्यांना ऐकू येतो."

निघताना मी मुद्दाम खणखणीत म्हटलं, "जय भीम, काका." तुम्ही हात वर केलात. तो निरोप होता की उत्तर? हातात करवत होती, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

आणि ती पांढरी. पश्चिमेच्या कुंपणालगतची, सगळ्यांत जुनी. इथे कॉलनी व्हायच्या आधी शेत होतं, त्या शेतावरच्या एडना आजींनी तुम्हाला ती दिली. त्यांच्या आजीने लावलेली. भरगच्च पांढरं फूल, आणि मधल्या पाकळ्यांवर रक्ताचे शिंतोडे उडावेत तसे लाल ठिपके. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, अहो, ही तर फेस्टिव्हा मॅक्सिमा जातीची. मीही फोनवर शोधून तुम्हाला दाखवलं होतं. सेम टु सेम. तुम्ही फोनकडे बघितलंही नाहीत. शेजारच्या वाफ्यातली दुसरी पांढरी दाखवलीत. ती खात्रीच्या ठिकाणाहून आणलेली खरी फेस्टिव्हा. मुद्दाम त्याच मातीत, त्याच उन्हात, तुलनेसाठी लावलेली.

"ही आठवडाभर आधी फुलते. आजींची मागून येते. तिचा वास वेगळा आहे, दांडा वेगळा आहे. ठिपके सारखे आहेत म्हणून नाव सारखं होत नाही."

"मग तिचं नाव काय?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज पाटीवर लिहायचा नसतो. एकदा चुकीचं नाव लागलं की ते निघत नाही, पोरी. प्रत्येक तुकड्याबरोबर ते नव्या घरी जातं. मूळ लावणारा मरून जातो आणि नाव चालत राहतं."

पाटीवर तुम्ही लिहिलं होतं: पांढरी, लाल ठिपके, एडना आजींच्या शेतावरून. नवा तुकडा लावला की म्हणायचात, पहिल्या वर्षीच्या फुलावर विश्वास ठेवू नकोस, ते कुणासारखंही दिसतं. दोन-तीन वर्षं बघ आणि मग बोल. तुमचं म्हणणं बागेपुरतं मला पटायचं. पण जो माणूस एका फुलासाठी एवढा काटेकोर असतो, तो स्वतःची पाटी कोरी ठेवतो, तेव्हा तो काटेकोरपणा असतो की सोय? हे तुम्हाला विचारायचं होतं. गेल्या दसऱ्याला ते विचारलं गेलं, आणि वाईट रीतीने विचारलं गेलं.

त्या वर्षी माझ्या ऑफिसात जे झालं ते मी पत्रकात लिहिलं होतं. मराठी लोकांचा एकत्र डबा खाणारा गट होता. माझं आडनाव कळल्यावर त्यांची जेवायची वेळ हळूहळू बदलत गेली, आणि नवी वेळ मला कुणी सांगितली नाही. मी पत्रक छापून आणलं. भला मोठा गठ्ठा. तुमच्यापुढे एक प्रत ठेवली आणि म्हटलं, खाली सही करा. तुमचं नाव असेल तर लोक वाचतील.

तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचलंत. "तिसरा परिच्छेद वर घे," म्हणालात. "तुझी गोष्ट तिथे सुरू होते. वरचे दोन म्हणजे भाषण आहे."

"आणि सही?"

"गठ्ठा ठेवून जा. गॅरेजमध्ये जागा आहे."

मला वाटलं, विचार करताय. दसऱ्याच्या दिवशी ऑफिसातून परतले तर दरवर्षी सोनं न्यायला येणाऱ्या शुभांगी काकू गाडीत कंद ठेवत होत्या आणि कंद माझ्या पत्रकात गुंडाळलेला होता. मथळ्यावर चिखल. टेबलावर तशी पुडकीच पुडकी मांडलेली, वरून सुतळी.

"काका, ही रद्दी आहे का?"

"पेपर बंद केलाय मी. हल्ली सगळं फोनवर वाचतो. गुंडाळायला काहीतरी लागतं."

"दरवर्षी प्लास्टिकच्या पिशव्या असतात तुमच्याकडे!"

"प्लास्टिकमध्ये कंद कुजतो."

"हे या वर्षी कळलं तुम्हाला?"

लोक ऐकत होते. मला थांबायचं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही दांड्याच्या रंगावरून फूल ओळखता, आणि स्वतः कोण आहात हे कुणाला ओळखू देत नाही. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "खूण बघ. नाव लावायची घाई करू नकोस." मी म्हटलं, "नाव न लावणं तुम्हाला परवडतं, काका. मला नाही परवडत." अजूनही मला ते वाक्य बरोबरच वाटतं. तुम्ही पुढचा कंद उचललात, माझं आणखी एक पत्रक उलगडलंत आणि गुंडाळायला लागलात.

हिवाळाभर आपण बोललो. बर्फाबद्दल, स्टेशनच्या पार्किंगबद्दल, हीटरच्या आवाजाबद्दल. एकदा मी विषय काढत होते तर तुम्ही म्हणालात, "आम्ही आलो तेव्हा इथे मराठी बोलायला चार घरं होती. त्यात कोण काय, हे विचारायची चैन नव्हती." मी मनात म्हटलं, की सांगायची सोय नव्हती? मोठ्याने फक्त चहा गार होतोय म्हटलं. एप्रिलमध्ये लाल कोंब वीतभर वर आले आणि तुमचं हृदय बंद पडलं.

शोकसभा मेच्या अखेरीस क्लबहाऊसमध्ये झाली. समई आली, भजन झालं. काकांना आवडणारं भजन, असं म्हणाले. तुम्हाला कुठलं भजन आवडायचं हे मला कधी कळलं नव्हतं. गाणाऱ्यांनाही माहीत नसावं. मला बोलायला सांगितलं होतं. मी लिहूनच नेलं होतं, पत्रकासारखं, आणि शेवटचं वाक्य होतं: ते आमचे होते. त्या समईसमोर ते वाक्य मला आपटायचं होतं.

माझी पाळी यायच्या आधी चहाच्या टेबलापाशी शुभांगी काकूंनी मला गाठलं. "अगं, तुझं ते पत्रक वाचलं हं मी."

मी भांडणाच्या तयारीत म्हटलं, "बरं."

"ओलं झालं होतं. हीटरपाशी वाळवलं. मला वाटलं, कंद लावायच्या सूचना असतील, म्हणून उलगडलं. बघते तर तू! यांनीही वाचलं. तो डब्याचा भाग वाचून म्हणतात, अतिशयोक्ती आहे. म्हटलं, तुम्ही आयुष्यात कधी डबा नेलाय का?"

"पटलं का तुम्हाला?"

"सगळं नाही. जरा आगाऊ लिहितेस तू. पण खरं सांगू? दुकानाबाहेर कुणी हातात दिलं असतं तर मी घेतलं नसतं. काकांच्या सोन्याभोवतीचं कसं फेकणार?"

तेवढं बोलून त्या समोसा घ्यायला वळल्या. काका, त्या संध्याकाळी जेवढी घरं तुमच्याकडे आली तेवढ्या घरांत माझं पत्रक गेलं होतं. मी दार वाजवलं असतं तर ज्यांनी आतूनच बघून उघडलं नसतं, त्यांच्या स्वयंपाकघरात ते वाळत पडलं होतं. हे तुम्ही ठरवून केलंत? की खरंच घरात कागद नव्हता? ठरवून केलं असेल, तर भर अंगणात मी ओरडत असताना एवढं तरी का सांगितलं नाहीत? मला अजून खात्री नाही. तुम्ही खात्री करून घ्यायची सोयच ठेवली नाहीत.

पाळी आली तेव्हा मी कागद काढला नाही. फक्त म्हटलं, "ज्यांच्याकडे काकांचं सोनं आहे त्यांनी ते खोल पुरू नका. वर दोन बोटं माती पुरे. खोल गेलं तर पानं येतात, फूल येत नाही." हे म्हणताना मी तुमच्या फोटोकडे बघत होते. तुम्हाला कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी सुजाताने मला परसात बोलावलं. टेक्सासला, प्लेनोला परत जायच्या आधी तिला झाडांचं ठरवायचं होतं. ती पायरीवर बसली. पांढऱ्या फुलांकडे बघत म्हणाली, "कॅन आय आस्क यू समथिंग? लहानपणी मराठी क्लासमधल्या मुली विचारायच्या, व्हॉट कास्ट आर यू? मी घरी येऊन विचारलं की डॅड म्हणायचे, टेल देम केमिस्ट."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती हसायची थांबली. "सो व्हॉट वर वी, प्रज्ञा? यू नो, राइट? तू त्यांच्याशी त्यावरूनच भांडलीस ना?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका शब्दाचं. ते वाक्य अजून माझ्या पर्समध्ये घडी घालून पडलं होतं. आणि समोर तुमची पांढरी उभी होती, पावसाने वाकलेली, तुमच्या अक्षरातल्या त्या पाटीसकट.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी काय बघितलं ते सांगते." आणि एकेक खूण सांगितली. दसरा सांगितला, आणि जमीन त्या वेळी गरम असते हेही सांगितलं. न विचारलेलं आडनाव सांगितलं. करवतीचा हात सांगितला. खिळा सांगितला, तर ती म्हणाली, "ओह, तिथे आईचा फोटो होता. ती गेल्यावर मी टेक्सासला नेला." एवढे दिवस जपलेली खूण एका वाक्यात गळाली. ती मी सोडून दिली.

शेवटी चाल सांगितली. गाऊन नाही, नुसती गुणगुणून. दुसऱ्या ओळीला सुजाताने ती माझ्याकडून घेतली आणि शेवटपर्यंत नेली. एकही वळण न चुकता.

"ही तर माझी झोपायची ट्यून," ती म्हणाली. "डॅड रोज म्हणायचे."

"शब्द?"

"शब्द नाहीत तिला. नुसती ट्यून आहे. हम्ममम, अशी."

काका, शब्द आहेत तिला. कुणाचं नाव आहे त्या शब्दांत ते तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही ते काढून ठेवलेत आणि रिकामी चाल लेकीच्या उशाशी ठेवलीत. तिथे बसल्या बसल्या मला तुमचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी हेही कळलं की तुम्ही चाल टाकून दिली नव्हती.

मी तिला शब्द म्हणून दाखवले. तिचं मराठी अडखळत होतं. एकेक ओळ दोनदा म्हणावी लागली. अर्थ तिने विचारला, तेवढा मी सांगितला. तुम्ही कोण होतात हे सांगितलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. ती नुसती गुणगुणत राहिली, आता शब्दांसकट, चुकत माकत.

निघताना तिने एजंटला फोन केला आणि माझ्यासमोर सांगितलं की ऑक्टोबरपर्यंत परसाला कुणी हात लावायचा नाही, ज्याला घर हवंय त्याने थांबावं. आता फुललेल्या झाडाला उकरलं तर ते वर्षानुवर्षं रुसतं, हे मी तिला पटवलं होतं. दसऱ्याला ती येणार आहे. आम्ही दोघी मिळून काढू, धुऊ, मऊ पडू देऊ. पांढरीचा पहिला तुकडा तिचा. त्याच्या पाटीवर तुमची ओळ राहील, आणि खाली एवढीच भर: प्रभाकरकाकांच्या परसातून.

संशय मी मागे घेत नाही. तुम्ही खूप खोल पुरलंत, काका, आणि त्याची झळ माझ्यासारख्यांना लागते. हे भांडण तुमच्या जाण्याने मिटलेलं नाही. पण सोनं वाटायचं तर गुंडाळायला कागद लागेल. या वर्षी मीच आणते. पत्रक पुन्हा छापायला दिलं आहे. तिसरा परिच्छेद वर घेतला आहे.